नोहाच्या दाढीला पालवी

थॉर्नक्लफ, डर्बीशर
रविवार, चर्चहून आल्यावर

तीर्थस्वरूप मेबल आत्यास,

क्लेमंटचा वाकून नमस्कार. (खरंच वाकून. आठवडाभर ओणवं राहून कंबर जी धरली आहे ती अजून सुटलेली नाही, त्यामुळे नमस्काराला वेगळे कष्ट पडले नाहीत.) तुझी तब्येत कशी आहे? हातांचा कंप कमी झाला का? बेरिल तुला औषध वेळेवर देते, की अजून दिवसभर मैत्रिणींशी फोनवरच असते? (आईचं औषध आधी, असं तिला माझ्याकडून सांग. किंवा नको सांगू, मला अजून तिच्याकडे नाताळला जेवायचं आहे.) आणि व्हिटबीच्या समुद्राबद्दल तुझं अजून तेच म्हणणं आहे का, की एवढं पाणी आणि सजवायला एक विहीर नाही? इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत. दोघं म्हणजे मी आणि तुझी मांजर. तिने माझ्या पलंगाचा भिंतीकडचा भाग घेतला आहे आणि उरलेल्या भागाचा विचार चालू आहे.

आता मुद्द्याचं. विहिरीच्या सणात काय झालं ते तुझ्या कानावर आलंच असणार, कारण या गावात एखाद्याला शिंक आली तर व्हिटबीत त्याला 'देव भलं करो' म्हणतात. तर जे काही ऐकलं असशील ते बाजूला ठेव. खरं काय ते मी सांगतो.

यंदा विहिरीवर उभारायच्या पाकळ्यांच्या चित्रातला चेहरा माझ्याकडे होता, हे तुला ठाऊक आहेच. पण तो माझ्याकडे कसा आला ते मी तुला फोनवर पुरतं सांगितलं नव्हतं. कमिटीच्या बैठकीत मिसेस हीथकोट म्हणाल्या की क्लेमंटने आजवर फक्त चौकट केली आहे, पार्सली दाबून बसवायला काय लागतं, चेहरा म्हणजे चेहरा असतो. (बाई गायनमंडळ चालवतात, त्यामुळे बैठकीतही वरच्या पट्टीतच बोलतात.) मी म्हटलं, आजोबांपासून विहिरीचा चेहरा वॅगस्टाफांच्या घरचा. त्या म्हणाल्या, आजोबा गेले आणि मेबल व्हिटबीला गेली. शेवटी ठरलं ते असं, की या वर्षी चेहरा मी करून दाखवायचा. जमला तर ठीक, बिघडला तर पुढच्या वर्षीपासून तो मिसेस हीथकोटांकडे, आणि मग कायमचाच. मला फार भीती वाटली, आत्या. तू जाताना तुझा पाकळ्या धरायचा चिमटा माझ्या हातात ठेवलास आणि म्हणालीस की आता सणाला येऊन मी काय करू, लोकांची बोटं बघत बसू? तेव्हापासून तो चिमटा माझ्या खिशात आहे, आणि तो खिशात असताना चेहरा दुसऱ्या घरी जावा हे मला बघवलं नसतं.

चित्र होतं नोहाचं. महापूर ओसरलाय, कबुतर चोचीत फांदी घेऊन आलंय आणि नोहा वर बघतोय. फळ्या नेहमीप्रमाणे गिरणीच्या तळ्यात भिजत घातल्या. माती जुन्या बाथटबमध्ये तुडवली. आमच्या नव्या पाद्रीबाई, ज्या लीड्सहून आल्या आहेत आणि ज्यांना आधी हा सगळा प्रकार देवळातला की जत्रेतला हेच कळत नव्हतं, त्या बूट काढून स्वतः टबात उतरल्या. (लोकांना ते आवडलं. टब ज्यांच्या घरून आला होता त्यांना जरा कमी आवडलं, पण तो वेगळा विषय आहे.) मग माती फळीवर थापली, वर कागद ठेवून चित्राच्या रेघा टोचून घेतल्या, रेघांवर झाडाची सुकी काळी बोंडं बसवली, आणि मी पाकळ्यांना हात घातला. तू सांगितलंस तस्सं केलं: खालून वर, छपरावरच्या कौलांसारखी एकीवर एक, म्हणजे पावसाचं पाणी ओघळून जावं. गालांना गुलाब, कपाळाला जुनी पिवळी पडलेली पाकळी, नाकाच्या कडेला शेवाळ. डोळे तर असे झाले की बघत राहावं. तू मला ओळखतेस, चर्चमध्ये मी मागच्या बाकावर बसतो आणि प्रवचन लांबलं की माझी मान आपोआप भक्तिभावाने खाली जाते. पण जीभ दातांत धरून एक एक पाकळी दाबताना माझं जे काही होतं, त्याला प्रार्थनाच म्हणावं लागेल. मनात दुसरं काही राहतच नाही. मला तिथे फार बरं वाटलं.

उरली दाढी. लोकर नको, कारण ती भिजली की लोंबते आणि नोहाऐवजी मेंढी दिसायला लागते. आपल्या घरच्या दाढ्या बियांच्या असतात, आणि जे आपल्या शिवारात उगवत नाही ते चित्रात घालायचं नाही हा कमिटीचा नियम. तेव्हा मी परसातले अळीव घेतले. रंग अगदी तांबूस तपकिरी. (मिसेस हीथकोट म्हणाल्या, नोहा सहाशे वर्षांचा होता, दाढी पांढरी हवी. मी म्हटलं, त्या काळी सहाशे म्हणजे ऐन उमेद.) अळीव ओल्या मातीवर असे छान चिकटले की जणू दाढीसाठीच देवाने निर्माण केले असावेत. बाईंनी नाक लावून चेहरा तपासला आणि निघून गेल्या. शनिवारी फळ्या विहिरीवर उभ्या केल्या, बँड वाजला, पाद्रीबाईंनी विहिरीला आशीर्वाद दिला, गायनमंडळ गायलं, आणि मी घरी जाऊन मांजरीसकट झोपलो.

रविवारी पाऊस आला. सोमवारी ऊन पडलं. मंगळवारी न्याहारीच्या वेळी मिसेस हीथकोट दारात.

"क्लेमंट, तुझ्या नोहाला काहीतरी झालंय. चल."

"पाकळ्या गळल्या का?"

"गळल्या असत्या तर मी चहा पिऊन आले असते. तू आधी चल."

जाऊन बघतो तर दाढी हिरवी. म्हणजे शेवाळ नव्हे, बुरशी नव्हे, अळिवाला मोड आले होते. ओली माती, ऊबदार ऊन, त्यांना आणखी काय हवं? बुधवारपर्यंत दाढी बोटभर वाढली. बरं, सरळ वाढली असती तरी चाललं असतं. कोंब उन्हाकडे वळतात, त्यामुळे सकाळी दाढी शाळेच्या दिशेने आणि संध्याकाळी पबच्या दिशेने. विहिरीशी बसणारी म्हातारी मंडळी तिच्यावरून वेळ सांगायला लागली. मिसेस हीथकोट दिवसातून दोनदा येऊन बघून जायच्या, आणि त्यांच्या तोंडावर समाधान पसरत चाललं होतं. चेहरा गेला, असं मी मनाशी धरूनच चाललो.

गुरुवारी सकाळी लवकर उठून मी नखं कापायची कात्री घेऊन नोहाची हजामत करायला गेलो. एक कानशील झालं नाही तोच मागून पाद्रीबाई. त्यांनी वाकून दाढीला बोट लावलं. मग हळूच म्हणाल्या, "मिस्टर वॅगस्टाफ, हे तुम्ही मुद्दाम केलंत." मी काही बोलण्याच्या आत त्यांनी माझ्या हातातली कात्री काढून घेतली आणि म्हणाल्या, "कापू नका. मला कळलं." काय कळलं ते मला संध्याकाळच्या प्रार्थनेत कळलं. त्यांनी तिथेच, विहिरीशी उभं राहून सांगितलं की महापुरानंतर सगळी जमीन चिखल होती, आणि पहिलं हिरवं कुठे फुटलं असेल, तर ज्याने आशा सोडली नाही त्याच्यावरच. मिसेस हीथकोटांनी रुमाल काढला. (नंतर म्हणाल्या, परागकणांमुळे नाक वाहतं.) मी मातीवर हात ठेवला तर ती आतून घट्ट झालेली, बारीक मुळांनी धरलेली. मी काही लबाड माणूस नाही, आत्या. पण त्या घडीला मलाही वाटलं, की मी मुद्दाम केलं नसेल, तरी कुणीतरी केलं असेल. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं.

मग काय, शेजारच्या गावचे लोक बघायला आले आणि दातओठ खाऊन गेले. पोरं झारीने पाणी घालायला लागली. शनिवारी फळ्या उतरवल्या तेव्हा मिसेस हीथकोटांनी स्वतः दाढी कापून घेतली आणि चहाला अंड्याच्या सँडविचमध्ये घातली. अख्ख्या गावाने नोहाची दाढी खाल्ली आणि मीठ बेताचं आहे म्हणून सांगितलं. चेहरा पुढच्या वर्षीही माझ्याकडेच आहे. सूचना मांडली मिसेस हीथकोटांनीच. तेव्हा तू निश्चिंत राहा, औषध घे आणि बेरिलला माझा नमस्कार सांग.

तुझा भाचा,
क्लेमंट

ता. क. मिसेस हीथकोट तुला पत्र घालून विचारणार आहेत की कोंब फुटणारी दाढी ही वॅगस्टाफांच्या घरची, आजोबांच्या काळची रीत आहे का. हो म्हण.

ता. क. पुढच्या वर्षीचं चित्र सॅमसनचं आहे, ज्याचं सगळं बळ केसांत. कमिटीला त्याचे केस वाढलेले हवे आहेत. मी मान डोलावली आहे.

ता. क. वर डोळ्यांबद्दल जे लिहिलं ते तितकंसं खरं नाही. नोहाचा एक डोळा कबुतराकडे बघत होता आणि दुसरा मिसेस हीथकोटांकडे. सगळे म्हणाले, "हे मेबलचे डोळे नव्हेत." वाईट बोलले असं नाही, तुझी आठवण काढली.

ता. क. (हा शेवटचा.) सँडविच खाताना मिसेस हीथकोट सहज बोलून गेल्या, की मेबल बिया आधी तव्यावर भाजून घ्यायची, म्हणजे त्यांना मोड येत नाहीत, आणि त्या आठवड्यात तुमच्या गल्लीत तो वास यायचा. मलाही तो वास आठवला. फोनवर तू मला पाकळी कशी धरायची, नाक कुठे थांबवायचं, भुवईला कोणतं गवत, सगळं सांगितलंस, दोनदा सांगितलंस. भाजण्याबद्दल एक अक्षर नाही. आत्या, तू आयुष्यात काही विसरलेली मला आठवत नाही. दाढी बिघडली की हा धावत मला बोलवायला येईल, असं तुझ्या मनात होतं ना? तर दाढी बिघडली नाही, आणि मी तरीही येतोय. पुढच्या सणाला गाडी घेऊन व्हिटबीला येईन, तू तयार राहा. चिमट्याला तेल देऊन ठेवलं आहे. पाकळ्या मी लावीन, डोळे तू लाव. हात थरथरला तर मी खालून मनगट धरीन, कुणाला दिसणार नाही. आणि सॅमसनच्या बिया भाजायच्या की नाहीत, ते माझ्यासमोर बसून सांग. फोनवर तुझा भरवसा नाही.