चंद्रावरून लागलेला जपान आणि बजरंगची दोन बोटे

चंद्रावर आदळून आलेला जपानचा एक रेडिओ-संपर्क मला पडला तो एवढ्याला: माझ्या डाव्या कानाचा पडदा, धाकटा भाऊ बजरंग याच्या उजव्या हाताची दोन बोटे, चाळीस फुटी टॉवर आणि कोर्टाच्या एकोणीस तारखा.

हे मांडणारा मी, आश्रुबा मारोती रणेर, वय अडुसष्ट, धंदा मोटार वाइंडिंग, राहणार झरी, तालुका जिल्हा परभणी. डोके शाबूत आहे, डॉक्टरचा कागद जोडला आहे. कोणी दम दिलेला नाही. मला दम देईल असा माणूस गावात नाही. यापूर्वी लिहिलेली मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. राहते घर आणि बँकेतली ठेव पत्नी कमलबाई हिला. तिच्या हयातीत घर विकण्याचा विषय तिच्यासमोर काढू नये.

२. वाइंडिंगचे दुकान हत्यारांसह मुलगा जीवन याला. मोठा पाना सोडून. तो पोलिसांत जमा आहे, सुटून आलाच तर विहिरीत टाकावा. मानवतला ज्याच्या हाताखाली शिकलो, त्याने एक कॉइल जळाली म्हणून तापलेली सोल्डरिंगची सळई माझ्या मनगटावर टेकवली होती. डाग अजून आहे. पुढे झरीत दुकान टाकून त्याची निम्मी गिऱ्हाइके मी ओढली. तेव्हा फिट्टंफाट झाली.

३. रेडिओ, अँटेना आणि नोंदवही मुलगी राजेश्री हिला. हौशी रेडिओचे सरकारी लायसन तिच्याकडे आहे. जीवनकडे नाही, त्याने बटणाला हात लावू नये. राजे, चंद्रावरून परत येणारा आवाज खरखरीच्याही खाली असतो, कान तिथवर न्यावा लागतो. दोघांनी एकमेकांची खूण ऐकून परत पाठवली, तरच संपर्क झाला म्हणायचा.

४. विहिरीलगतचे वीस गुंठे बजरंगला. कारण लिहितो.

डिसेंबर २०२१. दुपारी चारला चंद्र बांधाच्या वर आला होता. जपानचा माणूस बारीक तुटक टिकटिक पाठवत होता आणि त्याच्यावर सेकंदाला एक टक बसत होती. हरणांसाठी कुंपणाच्या तारेत झटका सोडणारी मशीन रेडिओत अशीच वाजते. कोणती टक कोणाच्या शेतातली, हे मी नुसत्या कानाने सांगतो; शिवारात कोणालाही विचारा. ही बजरंगची होती. तासभर बंद ठेव म्हणून मी निरोप धाडला होता. माझा हरभरा काय तुझा चंद्र राखणार, असा त्याचा उलट निरोप आला.

मी पाना घेऊन बांध ओलांडला आणि मशीनचा चुरा केला. तो धरायला आला, तेव्हा पाना त्याच्या उजव्या हाताच्या बोटांवर घातला. हाड मोडल्याचा आवाज आधी आला, तो ओरडला नंतर. मी परत येऊन रेडिओला बसलो. जपान लागला. वहीत वेळ लिहितो आहे तोवर बजरंगने डाव्या हाताने कुऱ्हाड चालवून टॉवरच्या ताणाच्या तारा तोडल्या. टॉवर आडवा झाला. मी बाहेर धावलो तो कुऱ्हाडीचा दांडा कानावर बसला, गळ्यापर्यंत रक्त आले. मग मी त्याचे तोंड पाटाच्या पाण्यात दाबून धरले. त्याचे पाय झाडायचे थांबत आले होते. राजेश्रीने मला केस धरून ओढले, म्हणून तो वाचला.

पोलिसांत मी लिहून दिले की पहिला वार त्याचा. त्यावरच खटला उभा आहे आणि त्याला शिक्षा होणार, असे वकील म्हणतो. ते खोटे आहे. पहिला वार माझा.

हे माझ्यामागे उघडावे, असे ठरवले होते. कमलबाईला वाचून दाखवले. ती म्हणाली, "तुमी मेल्यावर खरं बोलणार, अन् तवर भावजी जेलात बसणार व्हय?"

मी म्हणालो, माझी अब्रू जाईल.

"त्यांची बोटं गेली की."

म्हणून हाच मजकूर प्रतिज्ञापत्रावर लिहून आज सकाळी कोर्टात दिला. मला शिक्षा झाली तर कोणी जामिनासाठी धावपळ करू नये.

वाचून, समजून, दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली.

आश्रुबा मारोती रणेर
साक्षीदार: १. बालाजी ग्यानोबा देशमाने, झरी
२. धम्मशीला सिद्धोधन वाव्हळे, निवृत्त शिक्षिका, झरी
ठिकाण: परभणी. दिनांक: १७ नोव्हेंबर २०२५

मागील बाजूस, पुन्हा तिघांच्या सह्या घेऊन वाढवलेले: बजरंगची मशीन फोडून मी रेडिओला बसलो तेव्हा टकटक तशीच चालू होती. ती माझ्याच कुंपणाच्या, आमच्या गोठ्यात ठेवलेल्या मशीनची होती, आणि ती चालू असतानाच जपान लागला.