अबू नाइफ नाही म्हणणारच

२ जानेवारी
नवीन वर्ष, नवीन वही. मुलाच्या शाळेच्या वेळची उरलेली, म्हणजे खर्च शून्य. सुरुवात चांगली.
कर्ज: सोनाराचे साडेपाचशे दिनार. घरमालकानं वर्षाचं भाडं आगाऊ मागितलं तेव्हा घेतलेले. अम्मानमध्ये हल्ली श्वास घ्यायलाही आगाऊ द्यावं लागतं.
तारण: उम्म खलदूनच्या, म्हणजे बायकोच्या, दोन बांगड्या. तिच्या आईच्या. मुदत फेब्रुवारीअखेर. नंतर तो त्या वितळवणार. हे त्यानं मला चहा पाजून सांगितलं.
उपाय: भिशी. जिन्यातली दहा घरं, दर महिन्याला साठ दिनार, चौथ्या मजल्यावरची उम्म अय्यूब जमा करते. फेब्रुवारीचा नंबर माझा. सहाशे येणार, साडेपाचशे जाणार, वर पन्नास शिल्लक. पाणीखात्यात जन्मभर मीटर वाचले, हिशेब हा माझ्या हातचा मळ.
बायको म्हणाली, मग कर्ज झालंच कसं?
हिला आकड्यांतलं कळत नाही.

३ जानेवारी
बजेट. रॉकेलची शेगडी फक्त संध्याकाळी. सिगारेटी अर्ध्यावर. बाजारात जायला टॅक्सी बंद, डोंगराच्या पायऱ्या उतरून जायचं. उतरायला पैसे पडत नाहीत.
शेजारच्या दारातल्या अबू नाइफकडे शेगडी दिवसभर. मधल्या भिंतीला हात लावला की कळतं. सकाळपासून चारदा लावला. आम्ही एकाच खात्यात होतो, एकाच वर्षी निवृत्त झालो, पेन्शन अगदी सारखी. मग हे येतं कुठून?

४ जानेवारी
उतरून गेलो. फुकट. परत येताना चढ लागतो हे बजेटमध्ये धरलं नव्हतं. टॅक्सी केली. गुडघ्याचं मलम घेतलं. ते औषधाच्या खात्यात टाकलं, त्यामुळे प्रवासखर्च अजून आटोक्यात.
खाली अबू नाइफ आपली नवी कोरियन गाडी पुसत होता. म्हणाला, अरे अबू खलदून, मला हाक मारायचीस, मी आणलं असतं! गाडीवाल्यांचं बोलायला काय जातं.

६ जानेवारी, शुक्रवार
भिशीची बैठक. जानेवारीचा नंबर अबू नाइफचा. बोलता बोलता विषय निघाला, गच्चीखालच्या विधवा उम्म हैसमचं छत गळतंय. अबू नाइफ ताडकन उठला. म्हणाला, वल्ला, अल्लाची शपथ, ही पाळी उम्म हैसमची, तिची जुलैची मी घेतो. ती म्हणाली, नाही हो, तुमच्या लेकरांची शपथ. त्यानं पुन्हा म्हटलं. ती पुन्हा नाही. तिसऱ्यांदा तो म्हणाला, घेतली नाहीस तर मी कॉफी न पिता उठलो बघ! तेव्हा तिनं घेतली.
बायकांनी डोळे पुसले. उम्म अय्यूब म्हणाली, अशी माणसं आता राहिली नाहीत. मी त्याच्या शेजारीच बसलो होतो. माझ्याकडे कोणी पाहिलंही नाही.
घरी उम्म खलदून म्हणाली, काय माणूस आहे! हे ती दोनदा म्हणाली. मला चाळीस वर्षांत एकदाही नाही.

१२ जानेवारी
बेकरीवाला पैसे घेताना सगळ्यांनाच म्हणतो, राहू द्या हो. आपण म्हणायचं, छे छे, आणि द्यायचे. आज अबू नाइफला त्यानं खरंच राहू दिले. मला ‘राहू द्या’ म्हणताना हात पुढेच होता.
झोप नाही. रक्तदाब वाढला असणार. तपासला नाही, बजेट.

१७ जानेवारी
अबू नाइफकडून कुनाफाची ताटली आली. गोड चांगलं होतं, त्याचाच राग आला. ताटली रिकामी कशी परत करणार? दुप्पट कुनाफा भरून पाठवला, पिस्ते वेगळे. उम्म खलदून म्हणाली, थोडे खजूर ठेवले असते तरी चाललं असतं. मग बजेट कोण करतंय, मी की ती?

२५ जानेवारी
पेन्शन आली. गेली. भिशीचे साठ बाजूला काढले. सिगारेटी पूर्वीइतक्याच, पण स्वस्तातल्या, त्यामुळे खोकल्याचं औषध. हेही औषधाच्या खात्यात. ते खातं आता सर्वांत मोठं आहे.
ज्या बैठकीत जाऊ तिथे अबू नाइफला आधी जागा, आधी कॉफी. त्याच्या कॉफीत वेलदोडाही आपल्यापेक्षा जास्त वाटतो.

१ फेब्रुवारी
योजना सुचली. इतकी सोपी की स्वतःचीच भीती वाटली.
परवा माझी पाळी. सगळ्यांसमोर उठून ती अबू नाइफला द्यायची. विधवेला नाही, आजाऱ्याला नाही. ती माणसं घेतात. अबू नाइफला. गाडीवाला, शेगडीवाला माणूस दुसऱ्याची पाळी घेईल? नाही म्हणणारच. मी पुन्हा म्हणायचं, तो पुन्हा नाही. तिसऱ्यांदा जरा हळू आवाजात. संपलं. नाव माझं होईल, पैसे माझे राहतील, आणि सोमवारी बांगड्या घरात.
आरशासमोर तालीम केली. उम्म खलदूननं विचारलं, कोणाशी बोलताय? म्हटलं, हिशेब करतोय.

३ फेब्रुवारी, शुक्रवार
उठलो. म्हणालो, वल्ला, अबू नाइफ, ही पाळी तुझी, मी तुझी जुलैची घेतो.
उम्म अय्यूबनं छातीवर हात ठेवला. फार बरं वाटलं.
अबू नाइफ माझ्याकडे बघत राहिला. मी वाट पाहिली. मग तो उठला, माझ्या खांद्याचं चुंबन घेतलं आणि म्हणाला, अल्ला तुझं घर भरलेलं ठेवो, अबू खलदून. आणि पैशांचं पाकीट घेतलं.
एकदाही नाही म्हणाला नाही. एकदा तरी म्हणायचं असतं! लहान मुलंही म्हणतात.
जाताना उम्म अय्यूब म्हणाली, घ्यायलाही मोठं मन लागतं. म्हणजे कौतुक पुन्हा त्याचंच.

४ फेब्रुवारी
उम्म खलदून बोलत नाही. चहा ठेवते, निघून जाते. साखर मात्र बरोबर घातलेली असते. तेच जास्त लागतं.

१० फेब्रुवारी
अबू नाइफ घरी आला. दार लावून बसला. गाडीचे तीन हप्ते थकलेत, बँक रोज फोन करते, तुझ्या पैशांनी गाडी वाचली म्हणाला. वर्षाचं रॉकेलसुद्धा उधारीवर. म्हटलं, मग जानेवारीत पाळी दिलीस कशाला? म्हणाला, अरे, मला वाटलं ती नाही म्हणेल. दोनदा म्हणालीही. तिसऱ्यांदा माझाच आवाज चढला.
माझा आवाज चढला नव्हता. तरी पैसे गेले.
मग तो रडला. मीही थोडा. बँकेचे आठ हजार आहेत म्हणाला. आठ! त्याच पेन्शनवर! मला त्याच बँकेनं दोन हजारांनाही नाही म्हटलं होतं. साहेबानं बसायलाही सांगितलं नव्हतं.
पाळीचं पाकीट परत माग, असं मनात आलं होतं. पण त्यानं पाहुणा म्हणून माझ्या हातची कॉफी पिऊन संपवली होती. आता कुठल्या तोंडानं?

१९ फेब्रुवारी
सोनाराकडे गेलो. जुलैपर्यंत थांब म्हटलं. त्यानं पुन्हा चहा पाजला. चहा पाजला की मला कळतंच.
येताना पायऱ्या चढून आलो. दोनदा बसलो. कोणी विचारलं तर देखावा बघतोय म्हणायचं ठरवलं होतं. कोणी विचारलं नाही.

२५ फेब्रुवारी
पेन्शन. भिशीचे साठ, वाण्याचे, विजेचे, औषधांचे. उरले ते लिहीत नाही.
उम्म खलदूनला म्हटलं, काहीतरी करतो. ती म्हणाली, नका. तुम्ही काही करू नका.

२८ फेब्रुवारी
सकाळी ती एकटीच बाजारात गेली. टॅक्सीनं.
दुपारी आली. सोनाराला म्हणाली होती, एक मोडा, तुमचे पैसे घ्या, एक मला द्या. सोन्याचा भाव वाढलाय, वर थोडे आलेही. त्यांतून वाण्याचं मिटवून आली. पावती माझ्यासमोर ठेवली. म्हटलं, जुलैत पाळी आली की दुसरी नवीन करू, अगदी तशीच. ती म्हणाली, जुलैत नवीन होईल हो. आईची होणार नाही.
मग कणीक मळायला बसली. एकटी बांगडी वाजत नाही, हे मला माहीत नव्हतं.
कर्ज फिटलं. ठरवलेल्या महिन्यात, ठरवल्याप्रमाणे. अबू नाइफवर अजून आठ हजार आहेत, माझ्यावर एकही नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्याच्या पुढे गेलो. संध्याकाळी तो जिन्यात भेटला, त्यानं काय खबर म्हणून विचारलंही.
काही नाही म्हटलं.