पुड्याचं तोंड

४ ऑगस्ट, सकाळ ९.४०
आजपासून रोजनिशी. माझ्या डोक्यात काय चालतं ते घरच्यांना सांगून उपयोग नाही आणि बाहेर सांगावं अशी बाहेरच्यांची लायकी नाही. नियम : रोज एक पान. खाडाखोड नाही. संतापून पान फाडायचं नाही.

४ ऑगस्ट, दुपार
आधीचं पान कोपऱ्यात थोडं फाटलं. त्याला कारण आई.
तिने ओट्यावर ब्रेडचे चार पुडे ओळीने मांडले आणि मला हाक मारली. चारही उघडे. एकाला हिरवी बुरशी, दोन वाळून खडखडीत, चौथ्यात मुंग्या. म्हणाली, अरे, चार माणसांचं घर आपलं, रोज एक अख्खा पुडा कोण खातं? एक तर ब्रेड आणणं बंद कर, नाही तर त्या पुड्याचं तोंड तरी बंद करत जा.
पहिली अट अशक्य. ब्रेड बंद म्हणजे कोपऱ्यावरची बेकरी बंद, आणि बेकरीच्या काउंटरवर संध्याकाळी पाच ते आठ ती असते. बेकरी तिच्या मामाची. हे आईला सांगता येत नाही. म्हणून उदार मनाने दुसरी अट मान्य केली.

५ ऑगस्ट
तिला प्रश्न समजावून सांगितला. गेल्या दोन महिन्यांत मी तिच्याशी 'एक ब्रेड, मोठा' याच्या पलीकडे बोललो नव्हतो. आज चार वाक्यं बोललो. ती म्हणाली, सगळ्यांकडे हेच होतं, पण त्यावर कोणी काही काढत नाही.
हे ती माझ्याकडे बघून म्हणाली. मागे एक बाई टोस्ट घ्यायला उभ्या होत्या, पण त्यांच्याकडे बघून असं म्हणायचं तिला काय कारण?
निश्चय : ब्रेडचा पुडा बंद करण्याची जगातली सर्वोत्तम पद्धत मी काढणार. महिनाअखेर ती तिच्यासमोर ठेवणार. आणि त्याच दमात मनातलं बोलून टाकणार. पद्धत नसेल तर बोलणं नाही. रिकाम्या हाताने प्रेम व्यक्त करणाऱ्यांपैकी मी नाही.

६ ऑगस्ट
बाबांनी जेवताना कॉलेज काढलं. ३१ तारखेपर्यंत 'परत येतो' असा अर्ज दिला तर माझी दुसऱ्या वर्षाची सीट राहते. नाही तर गेली. बाबा म्हणाले, मी आता काही बोलणार नाही. आणि पाऊण तास बोलले.
नोंद असावी : मी कॉलेज सोडलं नाही, कॉलेजने मला गमावलं. प्रॅक्टिकलला सर म्हणाले होते, जमत नसेल तर दार उघडं आहे. मी वळून बघितलं. होतं. मग स्वाभिमानी माणसाने काय करायचं?

८ ऑगस्ट
प्रयोग पहिला. रबरबँड. तीन वेढ्यांपर्यंत उत्तम. चौथ्याला तुटलं आणि डोळ्याखाली सटकन बसलं. रबरबँड बाद. घरातली सगळी रबरं खिडकीतून फेकून दिली. मग खाली जाऊन वेचून आणली, आईने सांगितलं म्हणून नव्हे, मलाच वाटलं म्हणून.
बाबा म्हणाले, साधी गाठ मार की. मी बघतोय, ते जन्मभर गाठच मारत आलेत. ती नखाने सुटत नाही, दाताने सुटत नाही, शेवटी पिशवी फाडावी लागते. त्या पिढीचं हेच. बंद करतानाच उघडायचा विचार नाही.

१० ऑगस्ट, रात्री ८.३०
कपड्यांचा चिमटा. यश! पुडा बंद, हवा बंद, मुंग्या बाहेर तोंड वर करून उभ्या. फक्त तुलना करायची म्हणून एकाच वेळी अकरा रिकाम्या पुड्यांना चिमटे लावले आणि दोरीवर एकही उरला नाही. बाबांचा ऑफिसचा शर्ट खालच्यांच्या बाल्कनीत गेला. खालच्या काकू शर्ट परत द्यायला आल्या आणि जाताना आईला बारीक आवाजात विचारून गेल्या, मुलाचं काय चाललंय सध्या?
चिमटा तिला दाखवला. तिने विचारलं, तू कुठल्या कॉलेजला होतास? कितव्या वर्षाला? परत जाणार आहेस का?
एका दमात तीन प्रश्न. चिमट्याबद्दल एकही नाही. म्हणजे तिला वस्तूत रस नाही. माणसात आहे.

११ ऑगस्ट
चिमटा बाद. घट्ट नसतो. कडेने हवा जाते. आणि आईने सगळे काढून घेतले.

१२ ऑगस्ट
ताईचा केसांचा चाप. दात मोठे, पकड जबरदस्त. ताई आरशासमोर शोधत होती, उशीर झाला होता, शेवटी केसांत पेन्सिल खोचून ऑफिसला गेली. संध्याकाळी चाप पुड्यावर सापडला तेव्हा विचारते, काय रे, तुझ्या ब्रेडचे केस वाऱ्यावर उडत होते का?
मी म्हटलं, थट्टा कर. एक दिवस माझ्यावर पेपरात लिहून येईल. ती म्हणाली, येईल ना, हरवले आहेत या सदरात.
संध्याकाळपासून अबोला. माझ्याकडून. तिच्या अजून लक्षात आलेलं नाही.

१४ ऑगस्ट
आज बेकरीत तोल गेला. गेला म्हणजे मीच सोडला.
मी तिला प्लास्टिकच्या जाडीबद्दल सांगत होतो, इतक्यात मागून एक जाड चष्म्याचे गृहस्थ म्हणाले, पुडा बंद कशाला करायचा? डब्यात ठेवून झाकण लावा, विषय संपला.
विषय संपला! दहा दिवस एक माणूस डोकं झिजवतोय आणि हे म्हणे विषय संपला. मी त्यांना ऐकवलं की डबा म्हणजे प्रश्नाचं उत्तर नाही, प्रश्नापासून पळणं आहे. तुमच्यासारख्यांमुळेच कोणी काही शोधत नाही. आवाज जरा चढला. मामा भट्टीवरून पिठाच्या हातांनी बाहेर आले आणि म्हणाले, दादा, ब्रेड घ्यायचा आणि निघायचं.
ती हसत होती. त्या गृहस्थांना.

१७ ऑगस्ट
पीळ पद्धत. पिशवीच्या तोंडाला सात वेढे द्यायचे आणि ते शेपूट पुड्याखाली दुमडून टाकायचं. ब्रेडच्याच वजनाने बंद. काहीही विकत नको, काहीही जोडायला नको. तिला काउंटरवरच करून दाखवलं.
मी वेढे देत असताना ती काही तरी सांगत होती. तिचं पहिलं वर्ष दुसरीकडे झालंय, वेटिंग लिस्ट, पहिला नंबर, असं काही. नीट ऐकता आलं नाही, वेढे मोजावे लागतात, चुकला की पुन्हा पहिल्यापासून. मी हो, हो म्हणत होतो. सातवा वेढा झाला आणि तिचं शेवटचं वाक्य स्पष्ट कानावर आलं. ती म्हणाली, आता सगळं तुझ्यावरच आहे.
सगळं. माझ्यावर.
घरी येताना कुठल्या रस्त्याने आलो आठवत नाही. ब्रेड काउंटरवरच राहिला.

१८ ऑगस्ट
पीळ पद्धत बाद. ब्रेड अर्ध्यावर आला की वजन कमी पडतं आणि शेपूट सुटतं. म्हणजे जेव्हा गरज तेव्हाच दगा. आणि ताई शेपूट आत सारत नाही. मुद्दाम.

२० ऑगस्ट, दुपार ४.१५
मेणबत्ती. तत्त्व साधं आहे : प्लास्टिकची कड ज्योतीवर धरली की वितळते, चिकटते, कायमची बंद. झालीही. पुडा, टेबलावरचं मेणकापड आणि माझ्या शर्टाची बाही, तिन्ही एकमेकांना.
आई धावत आली. आधी खिडक्या उघडल्या, मग मेणबत्ती विझवली, मग बोलली. तिचा मुद्दा एवढाच की लाइट जातील तेव्हा लागणाऱ्या वस्तूला मी पुन्हा हात लावायचा नाही.
बाबांनी मेणकापडाचं भोक बघितलं आणि अकरा दिवस राहिले एवढंच म्हणाले. मला वाटलं घरात काही तरी यायचंय. मग कळलं, अर्जाचं म्हणतायत.

२४ ऑगस्ट
सापडलं.
पाण्याची प्लास्टिकची बाटली घ्यायची. गळ्याखाली कापायची. पुड्याचं तोंड त्या गळ्यातून वर ओढायचं, बाहेरच्या बाजूने दुमडायचं, वरून झाकण फिरवायचं. बस्स. उघडायचं तर झाकण काढायचं. बंद करायचं तर लावायचं. मूलसुद्धा करेल. आईनेही केलं.
उलटा करून हलवला. आत काही गेलं नाही, बाहेर काही आलं नाही. घरात पहिल्यांदाच आई म्हणाली, हे मात्र बरं आहे हं. मला एकदम भरून आलं, म्हणून आत जाऊन दार आपटलं.

२५ ऑगस्ट
ताईने फोनवर एक व्हिडिओ दाखवला. कोणीतरी हेच करतोय. वीस लाख लोकांनी बघितलंय. सहा वर्षांपूर्वीचा आहे.
माझी कल्पना सहा वर्षांपूर्वीच चोरली गेली. हे जग असंच आहे. पण तिने व्हिडिओ बघितला नसेल. ती फोन फार बघत नाही, काउंटरखाली सतत कसलं तरी जाड पुस्तक वाचत असते.

२७ ऑगस्ट, संध्याकाळ
आयुष्यातला मोठा दिवस. शाईचं पेन वापरतोय.
बाटलीचं तोंड तिला भेट दिलं. झाकण निळं निवडलं. तिने दोनदा लावून बघितलं, म्हणाली, छान आहे रे, तुझं डोकं अशा कामात चालतं. मी म्हटलं, म्हणूनच मी कॉलेजात परत जाणार नाही.
तिचा हात झाकणावरच थांबला. म्हणाली, नक्की? मग तसं लेखी कळवलंस का? नुसतं गेलं नाही तर सीट एकतीसपर्यंत अडकून राहते. एक तारखेला तर वर्ग सुरू.
माझ्या भवितव्याचा तिने किती बारीक अभ्यास केलाय! घरच्यांना तारीख पाठ आहे, पण दुसरा रस्ता कोणीच शोधला नव्हता. मी म्हटलं, आत्ता लिहितो. तिने कोरा कागद दिला. पेन दिलं. तुझ्या घरी विचारलंस का रे, असं एकदा हळूच म्हणाली. मी म्हटलं, मी कोणाला विचारत नसतो. मग तिने 'सीट' या शब्दाची माझी वेलांटी सुधारली आणि खाली तारीख घालायची आठवण केली.
सही मी जरा मोठी केली.

२८ ऑगस्ट
पत्र दिलं. ऑफिसातल्या कारकुनाने वाचलं, चष्मा वर केला, विचारलं, घरी माहीत आहे? मी टेबलावर मूठ आपटली आणि सांगितलं, मी एकवीस वर्षांचा आहे. तो म्हणाला, टेबल त्याहून जुनं आहे, सांभाळून. आणि शिक्का मारला.
घरी सांगितलं. आई ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. ताईनेही काही टोमणा मारला नाही, हे मला आवडलं नाही. बाबा म्हणाले, बरं. मी पाऊण तास वाट बघितली. मग उठून त्यांनी कपाटातून माझी फीची पावती काढली, घडी घातली आणि परत ठेवली.
महत्त्वाच्या निर्णयांत घरच्यांची साथ नसतेच.

३० ऑगस्ट
उद्या बोलायचं. मजकूर तयार. तीन वाक्यं. पहिल्यात ब्रेड, दुसऱ्यात मी, तिसऱ्यात आम्ही. आरशासमोर नऊ वेळा म्हणून पाहिली. दुसऱ्या वाक्याला ताई दारात होती. ती म्हणाली, अरे, ऐक ना जरा, त्या मुलीचं... मी दार लावून घेतलं.

३१ ऑगस्ट, संध्याकाळ ५.२०
बेकरीत गर्दी. ती काउंटरच्या बाहेर उभी, नवा ड्रेस, हातात क्रीमरोलचा ट्रे. मला बघून धावत आली. म्हणाली, पहिला तुला, तुझ्यामुळेच झालं.
तिला सीट मिळाली. दुसऱ्या वर्षाला. त्या कॉलेजात. वेटिंग लिस्टमध्ये पहिला नंबर तिचा होता आणि एकच सीट रिकामी झाली.
मी विचारलं, कुठली. ती हसली. म्हणाली, तुझीच की रे! तुला त्या दिवशी सगळं सांगितलं नव्हतं का? तू हो, हो म्हणालास. मीच म्हटलं, घरी विचारलंस का रे, पण तू म्हणालास, मी कोणाला विचारत नसतो. किती मोठ्या मनाचा आहेस. मामालाही सांगितलं मी.
मामांनी मान हलवली. ते माझ्या बाटलीच्या तोंडातून बरणीत तेल ओतत होते. एक थेंब सांडत नव्हता.
मला तीन वाक्यं आठवत होती. मी पहिलं सुरू केलं. ब्रेडपर्यंत पोचलो. ती म्हणाली, आज ब्रेड राहू दे, एक मागू का? तुझी प्रॅक्टिकलची जर्नल देशील? अर्धी असली तरी चालेल.
दिली. घरी जाऊन आणून दिली. जाता-येता पळतच गेलो, का ते माहीत नाही.

२ सप्टेंबर
काल लिहिलं नाही.
बेकरीत गेलो. काउंटरवर तिची मामी. ती सकाळी साडेसातच्या बसने गेली म्हणे, संध्याकाळी क्लास, आता काउंटरवर नाही बसणार. मला काही घ्यायचं नव्हतं, पण मामी बघत राहिल्या म्हणून एक ब्रेड म्हटलं. मोठा.
त्यांनी विचारलं, तोंड बांधून देऊ की तसाच नेतोस?
म्हटलं, कसाही द्या.
कॉलेजच्या बसचा थांबा घराच्या वाटेवर नाही, पण तिकडून आलो. बाकावर बसलो. एक स्लाइस खाल्ला. कोरडाच. मग दुसरा. दोन बसेस आल्या, गेल्या. पोरं उतरली, कोणी ओळखीचं नव्हतं. कडेचे जाड तुकडे मी कधी खात नाही, तेही खाल्ले.
घरी आलो तेव्हा बाबा दारात चपला काढत होते. हातातल्या पिशवीकडे बघून त्यांनी विचारलं, आत काही आहे का? मी म्हटलं, नाही.
बंद करायचा प्रश्न आला नाही.