बरणीतलं निरोगी तेल

ती. आत्यास,

नमस्कार करून आधी एक दुरुस्ती. ‘आमच्या प्रेसचं तेल सुधारलं’ असं मागच्या पत्रात मी लिहिलं होतं, ते चूक आहे. तेल सुधारलेलं नाही. सेन्सरची बदली झाली आहे. तुझा गुडघा कसा आहे? (रोज शेक घेतेस असं काका म्हणतात, पण काकांच्या सांगण्यावर मी आजपासून एकदम विश्वास ठेवत नाही.)

पत्रे दाबणारी आमची प्रेस तेलाच्या जोरावर चालते, आणि त्या तेलाच्या टाकीवर हा सेन्सर, बोटाएवढा. तेलातून उजेड सोडायचा आणि पलीकडे किती पोचला ते मोजायचं, एवढंच त्याचं काम. तेल बिघडलं की लाल दिवा. लहानपणी काका मला पेल्यात तेल घेऊन खिडकीशी धरायला शिकवायचे, तेच. फक्त याला मधून मधून चहा लागत नाही. लाल दिवा लागला की प्रेस थांबवायची, आणि प्रेस थांबली की साहेब सगळ्यांसमोर काकांना विचारणार, “फोरमन तुम्ही की तो दिवा?” असं रोज चाललं होतं. मग एकाएकी दिवा हिरवा झाला आणि हिरवाच राहिला. साहेब पाहुण्यांना तो दाखवू लागले, काकांची पाठ थोपटू लागले. माझी मात्र झोप उडाली. वापरातलं तेल थोडं तरी मळतं. हे महिनाभरात जराही म्हातारं झालं नाही. एवढी चांगली प्रकृती माणसाची असती तर मी त्याला डॉक्टरकडे नेलं असतं.

आज पाळी सुटल्यावर सेन्सरची काच पुसायला गेले (“राहू दे, मी पुसतो” असं काका म्हणत होते, तेव्हाच कळायला हवं होतं), तर टाकीवर त्याच्या जागी बूच. वायर धरून निघाले, ती कपाटामागे गेली, आणि तिथे हा पठ्ठ्या काचेच्या बरणीत, नव्याकोऱ्या तेलात, जावयासारखा बसलेला. टाकीतलं तेल पेल्यात घेऊन खिडकीशी धरलं. दुधाळ! म्हणजे कुठूनतरी पाणी शिरतंय. अशा तेलाने झडपा अडकतात, आणि प्रेस कधी आपली आपण खाली येईल याचा नेम नाही. तिच्याखाली माणसं हात घालून पत्रे लावतात, आत्या.

काकांना विचारलं, तर म्हणाले, “अगं, तो खोटं बोलतोय का? ज्या तेलात बसलाय त्याचं खरंच सांगतोय.”

“आणि काका, माणसांचे हात?”

“नवं तेल मागवलंय ना! तोवर तू काच पूस.”

नोकरी त्यांनीच लावून दिली, पेला धरायलाही त्यांनीच शिकवलं. साहेबांना सांगावं तर चहाडी, न सांगावं तर पाप. मी थकले गं. (काच पुसली. ती स्वच्छच होती.)

तुझी भाची

ता. क. हे पत्र काकांच्याच जेवणाच्या रिकाम्या डब्यातून घरी येतंय, म्हणून पाकिटाला दोन चिकटपट्ट्या. तरीही वाचलंच असेल तर, काका, नमस्कार.

ता. क. २. ज्या निळ्या झाकणाच्या बरणीवरून तू शेजारच्या काकूंशी बोलणं टाकलंस, ती हीच. काकू निर्दोष आहेत.

ता. क. ३. खरं काम पुढे आहे. उद्या बुधवार, सुट्टी, प्रेस बंद. उद्याच काकांकडे बरणी माग. साहेबांना गुंडाळणारे काका तुझ्यापुढे टिकणार नाहीत. बरणी गेली की सेन्सरला टाकीखेरीज घर उरत नाही, आणि साहेबांना सांगायचं ते काका स्वतःच सांगू शकतील. नाहीच जमलं, तर प्रेस सुरू व्हायच्या आधी मी सेन्सर टाकीत बसवणार आणि लाल दिव्यासमोर साहेबांना उभं करणार. पुन्हा दुरुस्ती पाठवावी लागू नये म्हणून दिवस नीट लिहिते : परवा, गुरुवारी सकाळी.