धावडा ऐनाच्या कपाटात

मी, श्रीमती बिजलीबाई देवसिंग आडे, वय ७३, निवृत्त प्रयोगशाळा परिचर, राहणार नेर, जि. यवतमाळ, पूर्ण शुद्धीत आणि माझ्याच मर्जीने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. पुतण्या बादल तो मागणारच.

१) नेरचे घर आणि मागचा प्लॉट माझ्या पगारातून घेतला आहे. दोन्ही शबानाला द्यावे. तिची आई हुस्नाबी माझी शेजारीण. ती वारली तेव्हा शबाना पाच वर्षांची होती. तेव्हापासून मीच तिला वाढवले. बादल म्हणाला, "काकी, ते आपल्यातली कशी?" मी म्हटले, "तिले ताप आला तवा तू कुठं होता?" त्यावर तो उठून गेला.

२) प्लॉटवरची ऐन आणि धावडा ही झाडे तोडू नयेत. बादलला तिथे दुकानगाळे काढायचे आहेत. काढू देऊ नये.

३) कॉलेजने वनस्पतींचे वाळवलेले नमुने भंगारात काढले, तेव्हा प्राचार्यांच्या लेखी परवानगीने मी २१४ घरी आणले. तेही शबानाचे. धावडा मात्र ऐन, अर्जुन, बेहडा, हिरडा यांच्यातच ठेवावा. कारण लिहिते.

जवळच्या नात्यातल्या झाडांना शास्त्रात एकच पहिले नाव देतात. त्या गटाला प्रजाती म्हणतात. धावड्याची प्रजाती तेव्हा वेगळी धरत, म्हणून तो ऐनापासून लांब, दुसऱ्या कपाटात असे. नमुने पुसता पुसता मला दिसले की ऐन काय, धावडा काय, दोघांच्या फुलाला पाकळ्या नाहीत आणि फळाला पंख आहेत. १९८८ साली मी विभागप्रमुख वामनराव सरांना विचारले, "सर, हा इकडं काहून ठेवला?"

"बिजलीबाई, तुम्ही धूळ झटका. प्रजाती आम्ही ठरवू."

मी नमुन्याच्या कागदावर पेन्सिलीने लिहिले, "ऐनाजवळ ठेवावा." त्याबद्दल मला मेमो मिळाला आणि पुढची अकरा वर्षे मी रसायनशास्त्राच्या बाटल्या धुतल्या.

शबाना वनस्पतिशास्त्र शिकली, उमरखेडला शिकवू लागली. एकदा तिचा फोन आला. "आई, शास्त्रज्ञांनी डीएनए तपासला. धावडा ऐनाच्या प्रजातीत गेला."

"गेला कायले? तो तिथंच होता," मी म्हटले, आणि फोन ठेवून बराच वेळ रडले.

तिने पाठवलेला त्याबद्दलचा लेख घेऊन मी सरांच्या घरी गेले. त्यांनी दोनदा वाचला. म्हणाले, "चूक त्या वेळच्या पुस्तकांची."

"सर, पुस्तकानं मले मेमो नोता देल्ला."

त्यांनी लेख माझ्या हातात परत दिला. चहाही राहिला.

४) तो मेमो जपून ठेवला आहे. फ्रेम करून वामनरावांना पोचवावा.

५) बादलला माझ्या नवऱ्याची मोटारसायकल. ती त्याच्याकडेच आहे.

६) या कागदाला कुणी कोर्टात आव्हान दिले, तर शबानाने तडजोड करू नये. मी केली नाही.

साक्षीदार: १) शीला हरिसिंग पवार २) संगीता उत्तमसिंग चव्हाण
दोघींनी माझ्यासमोर सह्या केल्या.

स्थळ: नेर. दिनांक: १४ फेब्रुवारी २०२५.

सही: बिजलीबाई देवसिंग आडे
(हे टाइप करणाऱ्या लेखनिकाने अंगठ्यासाठी शाईचे पॅड पुढे केले होते. ते मी परत दिले.)