बाहेर गेलेला रोट

माय, आज इथं धुळ्यात चौरंगावर नारळ ठेवून एकटीनंच कानबाईदेवी मांडली. सकाळी दिराचा फोन आला, म्हणे विधवेनं मांडावी का? म्हटलं, मग तू मांड की, नारळ पाठवून देते. त्यानं फोन ठेवला. नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढायचे. तुझ्याकडं त्या गव्हानं सूप भरायचं. मी पुण्यातल्या लेकाच्या नावानं सव्वा मूठ काढले आणि हात डब्यातच राहिला. एवढ्याशा पिठाचे रोट ते किती होणार! गिलक्याची भजी तळली, नैवेद्य दाखवला, आणि गाणी म्हणायला बसले तर मागून म्हणणारं कुणी नाही. तुझी फार आठवण आली, माय व.

एरंडोलजवळचं आपलं घर. मी दहा वर्षांची असेन. रोट भाऊबंदकीतच खायचा, तुकडाही बाहेर जाऊ द्यायचा नाही, नाहीतर कानबाई कोपते, हे आपल्यात शेंबड्या पोरालाही माहीत. तू रोट मोजतेस, एक कमी. पुन्हा मोजतेस. बायका एकमेकींकडं बघतात. दुपारी कासारीण येऊन गेली होती, तिला तू घाईघाईत पान वाढलं होतंस. कपाळावर हात मारून म्हणालीस, "मनाच हातथीन गया व्हई." तिला वाढताना तुझ्याच हातून गेला, असं तू धरून बसलीस. आणि महिना उलटत नाही तोच नानांना लकवा मारला. बैलाला एका हातानं आवरणारा माझा बाप, त्याचं उजवं अंग गेलं. मोठी काकू बघायला आली ती दारातूनच म्हणाली, "हाऊ कोप शे."

मला वाटलं, पुढच्या श्रावणात तू कानबाई मांडणारच नाहीस. पण तू दुप्पट फुलं आणलीस. आतल्या खोलीत नाना बाजेवर, तोंडातून लाळ गळतेय, आणि तू चौरंगापुढं बसून घसा फुटेस्तोवर कानबाईची थोरवी गातेस. इतका संताप आला होता मला! सगळ्यांदेखत ओरडले, "जिनं आपलं वाटोळं केलं तिचीच गाणी म्हणतेस? लाज नाही वाटत?" तू मारलं नाहीस. पदरानं तोंड पुसलंस. "तिना न्याव शे तो. माय मारस, तरी पोर मायलेच बिलगस ना? तू बी म्हन." मी तोंड उघडलं नाही. जेवायला बसल्यावर तुझ्या पानात रोट वाढायला आले तर तू आडवा हात धरलास. आपल्या त्या चुकीची शिक्षा म्हणून तू रोट सोडला होतास. नाना तीन वर्षांनी गेले, तू त्यानंतर बारा वर्षांनी. तेवढ्या श्रावणांत सगळ्या बायकांत तुझाच आवाज वर असायचा, पण रोटाला तू बोटसुद्धा लावलं नाहीस.

माय, तो रोट मी दिला होता. पलीकडच्या गल्लीत कापसाच्या जिनिंगवर कामाला आलेलं परकं एक कुटुंब होतं, त्यांची पोर माझ्या वर्गात. "कसा लागतो गं?" म्हणून माझा जीव खायची. परकराच्या ओच्यात लपवून नेला. भिंतीआड बसून तिनं कण न कण वेचून खाल्ला. तू मोजत होतीस तेव्हा मी दाराशीच उभी होते. आधी माराच्या भीतीनं बोलले नाही, आणि नाना पडल्यावर तर जीभच उचलेना. कानबाईला एका रोटाचं एवढं लागलं असेल का? डोकं म्हणतं, लकवा तो लकवा. पण या रिकाम्या घरात भांडं जरी पडलं तरी वाटतं, आता माझा न्याय चाललाय. एकच कळत नाही, तेव्हा तो तुझ्यावर का पडला?

तरी आज गायले. घोगऱ्या आवाजात, निम्मी गाणी विसरलेली, तुझ्यासारखीच चौरंगापुढं बसून. गाता गाता रडले आणि रडता रडता गातच राहिले. कानबाईवरचा राग गेला नाही माझा, पण तिच्याशिवाय बोलायला आता आहेच कोण?

समोर तुझं पान वाढलंय. रोट, दूध, भजी. खा, माय. तुझी काहीच चूक नव्हती. उद्या सकाळी पांझरेवर विसर्जनाला जाईन तेव्हा हा रोटही नेईन. हा कागद मात्र नेणार नाही. तुला वाचता येत नव्हतं, म्हणून तर एवढं लिहायचं धाडस झालं.