इस्त्रीवर वाचलेली मालिका

३ जुलै
सत्तावीस बॅगा चढवल्या, सव्वीस उतरल्या. हरवलेली नेमकी मॅनेजरसाहेबांची. साहेब माझ्याकडे असे बघत होते, जणू विमान मीच चालवत होतो. "मामा, बावीस वर्षं संघाचं सामान सांभाळताय ना?"
सांभाळतोय साहेब. आभाळ माझ्या खात्यात नाही.

६ जुलै
बॅग आली. साहेबांचा राग अजून वाटेत आहे.
कीपरचा डावा मोजा धुवायचा नाही अशी सक्त ताकीद. त्यात शतक आहे म्हणे. वास मात्र द्विशतकाचा.

१२ जुलै
पहिली कसोटी हरलो. कोणी जेवलं नाही. मी जेवलो.

१९ जुलै
दुसरी जिंकलो! मोज्याचा भाव वधारला.

२४ जुलै
उद्या तिसऱ्या, शेवटच्या कसोटीचा शेवटचा दिवस. जिंकणं हाताबाहेर गेलंय, पण दिवसभर टिकलो तर मालिका बरोबरीत. हिला फोन केला. म्हणाली, "तुम्ही काय खेळणार आहात, झोपा."

२५ जुलै
काय दिवस गेला!
सकाळी कप्तानासकट तीन गेले. मग कीपर आणि सलामीचा डावखुरा यांची जोडी जमली. तासाभराने कप्तान आतल्या खोलीत डोकावला. "मामा, हे दोघं जमले तेव्हा काय करत होतात?"
"इस्त्री."
"मग तेच करा. विकेट पडेपर्यंत हलायचं नाही."
आमच्यात हा कायदाच आहे. जो जसा असेल तसा राहायचा. फिरकीवाला केळं सोलत होता, तो अर्धं सोललेलं केळं धरून बसला. साहेब तेव्हा खिडकीबाहेरच्या गॅलरीत फोनवर होते. पोरं त्यांना फोन ठेवू देईनात!
आता माणूस किती बोलणार? हवा झाली, खेळपट्टी झाली, साडूचं पित्त झालं. जेवणानंतर विषय संपले आणि गाडी माझ्यावर आली. खिडकी उघडी, माझे कान तिखट. "पुढच्या दौऱ्यापासून सामानाचं काम एखाद्या कंपनीला देऊन टाकू. मामा थकले आता. तुम्हीच कळवा, मला तोंडावर बोलवत नाही."
मैदानावर रोलर ओढत होतो तिथून इथवर आलो. गावात स्वतःचं इस्त्रीचं दुकान काढलं, पण पाटीवर माझं नाव कोण वाचतो? गिऱ्हाईक येतं ते 'संघाच्या मामांकडे'.
चहापर्यंत जोडी टिकली. चहानंतर कीपर गेला आणि पुढे रांगच लागली. आठ बाद, बारा षटकं बाकी. कप्तान ओरडला, "साहेब, फोन परत कानाला! मामा, इस्त्री सोडू नका!"
मी इस्त्री उभी केली आणि दारात आलो.
"कुठे निघालात?"
"पाय आखडले. थकलो आता."
साहेबांनी झटकन वळून पाहिलं. फोन कानालाच.
फिरकीवाला पॅड बांधून बसलेला, अकरावा. "मामा, पाया पडतो."
"तू आधी मैदानात पडू नकोस."
साहेब पुढे आले. "काय हवंय तुम्हाला?"
"काही नाही. इस्त्रीला कंपनीचा माणूस किती वेळात येतो, तेवढं फोनवर विचारा."
कप्तानाने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी फोन ठेवला, धावफलकाच्या कागदामागे लिहिलं: पुढचे तीन दौरे सामान मामांकडेच. खाली सही. साक्षीदार कप्तान. मी आत जाऊन सकाळपासूनचा तोच सदरा पुन्हा पसरला.
नऊ बाद, पण टिकलो. कप्तानाने मला उचलून घेतलं. माझं वजन बघता हा त्याचा दौऱ्यातला सर्वांत मोठा पराक्रम.

२६ जुलै
काल या पानालाही सांगितलं नाही. साहेबांचं फोनवरचं ऐकल्यावर माझे हात चालेनात. इस्त्री बंद केली, मागच्या दाराने निघालो आणि मैदानाच्या कडेला उभ्या रोलरवर जाऊन बसलो. दोन तास. कोणाला पत्ता नाही. त्या दोन तासांत एकही विकेट पडली नाही. चहानंतर परत आलो, इस्त्री उचलली, दुसऱ्याच षटकात कीपर गेला.
आज कप्तान म्हणतो, पुढच्या दौऱ्यात मामांना खोलीबाहेर सोडायचंच नाही.
सांगावं का त्याला?